धोंडुबाईच्या नावाचं वाक्य

माणगंगेच्या पात्रात उतरल्या तेव्हा दिवस कासराभर वर आला होता. पहाटे चांदणी बघून निघालेल्या त्या दोघी अजून कुठं टेकल्या नव्हत्या. लीलाबाईंच्या चपलेचा अंगठा वाटेत तुटला होता, म्हणून चपला त्यांनी हातात धरल्या होत्या. धोंडुबाईच्या पायात मुळातच काही नव्हतं. पात्रात सगळी वाळू, पाणी म्हणाल तर घोट्याएवढं. धोंडुबाईनं वाकून ओंजळ भरली, आधी म्हसवडच्या नाथाच्या दिशेला शिंपडली, मग तोंडाला लावली.

"आता फुडं सातारा जिल्ला," ती म्हणाली. "दोन कोस हाय अजून. पाय दुखत्यात का बाई?"

लीलाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. पाय दुखत होतेच. पण पायांपेक्षा दुसरंच काहीतरी सलत होतं, आणि एवढं चालूनही ते तोंडातून बाहेर पडलं नव्हतं.

लीलाबाई मूळच्या मलकापूरच्या, कऱ्हाडजवळच्या. पाटाच्या पाण्यात आणि उसाच्या सावलीत वाढलेल्या. मालक फौजेत, आसामकडं. महिन्याकाठी एक पत्र यायचं. नोकरी लागली आणि जूनमध्ये नेमणूक झाली ती सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेला, आटपाडीकडच्या एका धनगरवाडीवर. चौथीपर्यंतची शाळा, एकच खोली, शिकवायला एकटी बाई. राहायला जी खोली मिळाली तिची भिंत धोंडुबाईच्या घराला लागून होती. पहिल्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी पाण्यानं भरलेली घागर. दुसऱ्या दिवशीही. आठवड्यानं लीलाबाईंनी घागर ठेवणारीला गाठून नाव विचारलं, आणि त्या दिवसापासून ती त्यांची मावशी झाली.

मावशी पंचावन्नच्या घरातली. उंच, वाळलेली, बोलायला बेताची. नवरा आकाराम जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. मेंढरं दुष्काळात गेली, आता दारात दोन शेरडं. दिवेलागणीला ती देवळीतल्या नाथाच्या टाकापुढं वात लावायची, हात जोडायची आणि चुलीपाशी बसायची. भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. एका भाकरीचा. दुसरीचा आवाज कधी येत नसे. लीलाबाईही आपल्या चुलीवर एकच भाकरी थापत, तेव्हा त्यांना तो आवाज नीट ओळखता यायचा.

सलत होतं ते असं. दिवाळीआधी सहामाही परीक्षा झाली. चौथीच्या पेपरात शब्द दिला होता दुजाभाव. अर्थ लिहा आणि वाक्यात उपयोग करा. अर्थ लीलाबाईंनी फळ्यावर लिहून दिलेलाच होता, आपला आणि परका असा भेद करून वागणे. राजाने प्रजेत दुजाभाव केला नाही, असलं एखादं वाक्य येईल असं त्यांना वाटलं होतं. तपासायला बसल्या तर तीन पोरींच्या वह्यांत एकच वाक्य. धोंडूआजीने आपल्या सुनेशी दुजाभाव केला.

लीलाबाईंनी तिन्ही वाक्यांवर तांबड्या शाईनं फुली मारली. थोरामोठ्यांची नावं अशी वाक्यात घालायची नसतात, असं वर्गात सांगितलं. पोरी खाली मान घालून बसल्या, पण एकीनं विचारलंच, "पर बाई, खरं असलं तर?" त्यावर लीलाबाईंनी तिला पाढे म्हणायला उभं केलं. मग संध्याकाळी न राहवून त्या शेजारच्या साळूबाईकडं गेल्या. साळूबाईनं कथा सांगितली ती तिखटमीठ लावून, आणि तीही अर्धीच. दुष्काळात सरकारी सुकडी वाटायला होती म्हातारी, सुनंला उपाशी ठेवलं, नातू गेला, लेक-सून गाव सोडून गेली. एवढं ऐकून लीलाबाई घरी आल्या. त्या दिवशी भिंतीपलीकडचा एका भाकरीचा आवाज त्यांना ऐकवेना.

त्यांनी मावशीला काही विचारलं नाही. चार दिवसांपूर्वी मावशीच आली होती. रविवारी म्हसवडला येता का, म्हणाली. एकटीनं जावंसं वाटत नव्हतं. कृष्णात, तिचा लेक, तमिळ मुलखातल्या मदुरेहून येणार होता. विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायची दुकानं घालून देशभर पसरलेली, तशा एका दुकानात तो भट्टीवर होता. तिकडंच झालेल्या मुलीचं जावळ नाथाच्या दारात काढायचं ठरलं होतं. हे तिला कुणी पत्रानं कळवलं नव्हतं. विट्याच्या बाजारात एकानं दुसऱ्याला सांगितलं, तिथनं ते वाडीवर आलं होतं.

"बोलावणं आलंय का मावशी?" लीलाबाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"देवाच्या दारात जायाला बोलावणं कशाला लागतंय," धोंडुबाई म्हणाली होती, आणि लगेच शेरडाकडं वळली होती.

पात्र ओलांडून त्या माळाला लागल्या. शाळू गुडघाभर वर आलेला. पण मध्येच लांबच्या लांब नुसतं कुसळ आणि खडे. धोंडुबाई पुढं, लीलाबाई मागं. अर्धा कोस गेल्यावर पुढचीनं मागं न बघताच बोलायला सुरुवात केली. साळूनं तुमाला सांगितलंच असंल, पर माझ्या तोंडानं ऐका, म्हणाली.

त्यांच्या वाडीवर देवीची जत्रा झाली की बकरी पडायची, आणि मटणाचे वाटे घालायचे असायचे. ते गड्यांचं काम. आकाराम होता तवर आकारामच घालायचा. धुतलेल्या पोत्यावर पळसाची पानं मांडायची आणि जेवढी घरं तेवढे वाटे. तराजू नाही, माप नाही. नुसत्या हाताच्या अंदाजानं. आणि रीत अशी की ज्यानं वाटे घातले त्यानं शेवटचा वाटा उचलायचा. सगळे घेऊन जातील, राहील तो आपला. मग कुणाला बोलायला जागाच राहत नाही. आकाराम गेल्यावर दोन वर्षं गड्यांनी घालून बघितले, दोन्ही वर्षी तंटा झाला. तिसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणालं, धोंडुबाईला घालू द्या. तिनं पदर खोचला आणि चाळीस वाटे घातले. एकाही घरानं कुरकुर केली नाही. शेवटचा वाटा तिनं उचलला. त्यात हाडंच जास्त होती, पण गड्यांनी, म्हाताऱ्यांनी सगळ्यांनी मान डोलावली. त्यानंतर लग्न असो, जत्रा असो, वाढायला आणि वाटायला धोंडुबाईच. तिच्या हाताला दुजाभाव माहीत नाही, असं पार दुसऱ्या गावची माणसं म्हणायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाझर तलावाचं काम निघालं, सगळी वाडी खडी फोडायला गेली. कृष्णात, त्याची बायको अंबू, धोंडुबाई, तिघंही. सरकारची सुकडी यायची, गोडूस भुग्यासारखी, पोत्यात. पोरांना आणि कामावरच्या बायकांना एकेक डबा भरून द्यायची. मुकादम आप्पासो म्हणाला, भांडणं नकोत, माप धोंडुबाईच्या हातात द्या. म्हणजे माप हातात आलं ते जुन्या नावामुळं. तिनं रीतही जुनीच धरली. वाटणाऱ्यानं शेवटी घ्यायचं.

"पर ती रीत वाटणाऱ्याची, बाई," धोंडुबाई चालता चालता थांबली. "म्या ती सुनंला लावली."

अंबूला सातवा महिना होता. आधी ती रांगेत जिथं येईल तिथं उभी राहायची. एक दिवस तिचा नंबर आला, धोंडुबाईनं डबा भरून तिच्या पदरात ओतला. मागं पोराचा डबा घ्यायला उभा असलेला गुंडा नावाचा गडी, कुणी वाईट माणूस नव्हता तो, नुसता जिभेचा मोकळा, तो मोठ्यानं म्हणाला, "घरचीचा डबा जरा ठासून भरतीया गड्या म्हातारी." चार बायका हसल्या. डबा बाकीच्यांएवढाच होता. धोंडुबाईला ठाऊक होतं, अंबूलाही ठाऊक होतं. पण धोंडुबाईनं काय केलं, तर सुनेच्या पदरातून मूठभर सुकडी परत घेतली आणि सगळ्यांसमोर पोत्यात टाकली. गुंडाचं तोंड बंद झालं. बायका म्हणाल्या, असं असावं माणसानं. आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं अंबूला सांगितलं, तू रांगेच्या शेवटाला थांबत जा, म्हणजे कुणाला बोट दाखवायला नको.

अंबू शेवटाला थांबायला लागली. कधी पोतं पुरायचं, कधी नाही. ट्रक उशिरा आला की शेवटच्या पाच-सातजणींना तळ खरडून मिळायचा. त्यातही सगळ्यात शेवटची अंबू, आणि तिच्यानंतर धोंडुबाई. घरात आपल्या वाटणीचं सुनेला द्यावं म्हटलं तर धोंडुबाईच्याच पदरात काही नसायचं. चैत्र गेला, वैशाख गेला. आषाढात अंबू बाळंत झाली. पोरगा चिमणीएवढा. नऊ दिवस जगला. आटपाडीचा डॉक्टर म्हणाला, बाईच्या अंगात रक्तच नाही. सुकडीनं झालं की आणखी कशानं, ते कुणी सांगावं. त्या वर्षी आणखीही पोरं गेली. पण कृष्णात दहाव्या दिवशी आईसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जगात कुणाशी दुजाभाव केला न्हाईस आये. आमच्याशी केलास." दिवाळीनंतर दोघं विट्याच्या माणसाबरोबर निघून गेली.

"लोकं म्हनत्यात, घरच्याला जास्ती दिलं म्हंजी दुजाभाव," धोंडुबाई म्हणाली. "मला बी तसंच वाटायचं. ती मूठ पोत्यात टाकली तवा मला लय बरं वाटलं हुतं बाई. अजून कवाकवा ती मूठ उघडून बघती म्या."

तिनं खरोखरच उजवा हात उघडून बघितला, मग पदर डोक्यावर सारखा करून चालायला लागली. लीलाबाईंना वह्यांचं सांगायचं होतं. पण आता ते कसं सांगावं, त्यांना सुचेना. चुलत सासऱ्यांनी नेमणुकीच्या वेळी हातात दिलेला अंगारा त्यांच्या बटव्यात होता, तो त्यांनी उगाचच चाचपला.

म्हसवडला पोचल्या तेव्हा देवळात रविवारची गर्दी होती. गुलाल, खोबरं, नगाऱ्याचा आवाज. "नाथाच्या नावानं चांगभलं" म्हणत लोक आत शिरत होते. धोंडुबाई आत गेली, नाथापुढं आणि जोगेश्वरीपुढं डोकं टेकलं, आणि बाहेर येऊन दीपमाळेच्या आडोशाला उभी राहिली. पलीकडं लिंबाखाली जाजम टाकलं होतं. न्हावी वस्तरा चालवत होता. अंबूच्या भावाच्या मांडीवर एक मुलगी बसली होती, रडून रडून लाल झालेली, तिचे केस खाली फडक्यावर पडत होते. लीलाबाईंनी पुढं चला म्हणून खुणावलं. धोंडुबाई जागची हलली नाही. सगळे केस काढून झाले, डोक्याला हळद लावून झाली, तोवर ती तिथंच उभी होती.

कृष्णातनं तिला बघितलं. टेरिलीनचा शर्ट, हातावर भट्टीचे डाग. तो जवळ आला, वाकला, पायाला हात लावला.

"चालत आलीस?"

"व्हय."

"जेवूनच जा," तो म्हणाला आणि परत लिंबाकडं गेला.

घरच्या माणसाला कुणी जेवूनच जा म्हणत नाही. लीलाबाईंनी मावशीकडं बघितलं. मावशी मुलीकडं बघत होती. नाव काय ठेवलंय, तिनं जवळच्या एका बाईला विचारलं. ती म्हणाली, मीनाक्षी. तिकडच्या देवीचं नाव हाय, मदुरंच्या. धोंडुबाईनं ते नाव दोनदा हळू आवाजात म्हणून बघितलं. दोन्ही वेळा नीट जमलं नाही.

पंगत बसली. दोन ओळी, पत्रावळी, पुरणाच्या पोळ्या, कटाची आमटी. धोंडुबाई सवयीनं ओळीच्या पार शेवटाला जाऊन बसली, लीलाबाई तिच्या शेजारी. वाढत होती अंबू. अंगानं भरली होती, गळ्यात सोन्याचे मणी, हात झरझर चालत होते. प्रत्येकाच्या पानावर एक पोळी, त्यावर पळीभर तूप. घ्या मामा, घ्या काका, घ्या मावशी. तशीच ती शेवटाला आली. अंबूनं त्यांच्या पानावर पोळी टाकली, मग धोंडुबाईच्या पानावर. तेवढीच पोळी. तेवढंच तूप, पळी तशीच काठोकाठ.

"घ्या मावशी," ती म्हणाली.

पूर्वी ती सासूला आत्याबाई म्हणायची, हे लीलाबाईंना त्या क्षणी माहीत नव्हतं. नंतर कळलं. त्यांना एवढंच दिसलं की धोंडुबाईचा हात पानावर गेला आणि तिथंच राहिला. दुसऱ्या फेरीला अंबू पुन्हा आली. सगळ्यांना विचारलं तसं हिलाही विचारलं, "वाढू का मावशी?" धोंडुबाईनं मान वर केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण अंबूच्या हातात ताट होतं आणि मागं लोक थांबले होते. ती "नगं" म्हणाली. अंबूच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग दिसला असता तर लीलाबाईंना जरा बरं वाटलं असतं.

जेवण संपत आलं तेव्हा हळद लावलेल्या डोक्याची ती मुलगी ओळीतून पळत आली आणि नेमकी धोंडुबाईसमोर येऊन उभी राहिली. हात पुढं करून म्हणाली, "तण्णी, तण्णी." धोंडुबाईला काय करू आणि काय नको असं झालं. तिनं पानातल्या पोळीचा तुकडा मोडून पुढं केला. मुलीनं मान हलवली. तिनं गुळाचा खडा पुढं केला. मुलगी पाय आपटायला लागली. तेवढ्यात मागून अंबूची बहीण आली, तांब्यातलं पाणी तिला पाजलं आणि हसत म्हणाली, पाणी मागतीया, तिकडची बोली हाय तिची. तांब्या धोंडुबाईच्या गुडघ्यापाशीच होता. मुलगी पाणी पिऊन पळूनही गेली.

निघताना कृष्णात वेशीपर्यंत आला. पुढच्या सालाला येतो, म्हणाला. धोंडुबाईनं त्याच्या भाजलेल्या हातावरून हात फिरवला, तेल लाव म्हणाली. तो बरं म्हणाला. अंबू भांडी आवरत होती. ती आली नाही, पण लांबून तिनं एकदा वळून बघितलं, एवढं खरं.

परतीच्या वाटेवर दोघी कोसभर चालून आल्या. ऊन उतरायला लागलं होतं. लांब एक मेंढरांचा कळप धूळ उडवत चालला होता आणि माळावर तेवढाच काय तो आवाज. पात्राशी आल्यावर एका बाभळीखाली धोंडुबाई बसली. पंगत सोडली तर पहाटेपासून पहिल्यांदाच बसली. लीलाबाईही बसल्या.

"अंबूनं सगळ्यास्नी सारखं वाढलं," धोंडुबाई म्हणाली. "बघितलंसा न्हवं? कणभर कमी न्हाई, कणभर जास्ती न्हाई. तिनं कायबी चूक केली न्हाई."

अंबूच्या मनाला अजून वेळ लागेल, देव काहीतरी करील, असं लीलाबाईंनी म्हणून बघितलं. धोंडुबाईनं ते ऐकून घेतलं. वाळूवर बोटानं एक रेघ काढली, तिच्यावर दुसरी आडवी काढली.

"बाई, एक मागायचं हाय तुमच्यापाशी."

"मागा की मावशी."

"परीक्षेत तीन पोरींनी माझ्या नावानं वाक्य लिवलं. त्येच्यावर तुमी तांबडी फुली मारली."

तुम्हाला कुणी सांगितलं, असं लीलाबाईंनी कसंबसं विचारलं.

"साळूची नात तुमच्याच वर्गात हाय न्हवं? रडत आली हुती माझ्याकडं. आजी, खरं लिवलं तरी चूक, म्हनली."

"मावशी, मी ते तुमच्यासाठीच..."

"ठावं हाय मला. तुमी मला झाकलं. पर चूक म्हनून फुली मारली म्हंजी पोरींना वाटंल, ह्याला दुजाभाव म्हनत न्हाईत. मग उंद्या त्येंच्या हातात माप आलं म्हंजी?" तिनं वाळूतली फुली तळहातानं पुसली. "उंद्या शाळा भरली की तिघींच्या वह्या मागून घ्या. फुली काढा आन् बरोबरची खूण करा. माझं नाव ऱ्हाऊ द्या तसंच. एवढं करा, बाई."